कळशी माळ्यावर टाकू नका

माझी आत्या 61 वर्षांची. गुहागर तालुक्यात तिचं घर, मागे माडाची वाडी. यंदा गणपतीत गेले तेव्हा विहिरीवरून झाडांना पाणी घालायची तिची पितळी कळशी माळ्यावर चढलेली दिसली. गौरीच्या रात्री ती फुगडीलाही उठली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "नको गो, आता हाड मोडायचं." आणि मोबाईल पुढे केला. तोच मेसेज. मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. या वर्षात निदान दहा बायकांनी मला तो दाखवला असेल.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: पाळी गेली की बाईचं हाड पापडासारखं होतं. वजन उचलू नका, उड्या नकोत, जिने नकोत. रोज फिरायला जा आणि कॅल्शियमची गोळी घ्या, तेवढं पुरे. कोकणातल्या बायकांना तर व्यायामाची गरजच नाही, कारण मासे, ऊन आणि घरकाम आहेच.

पहिलं वाक्य पुरतं खोटं नाही, म्हणूनच पुढचं सगळं खरं वाटतं. आपलं हाड आयुष्यभर मोडत आणि बांधत असतं. काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही नवीन घालतात. खरवडणाऱ्यांना आवरून धरायचं काम इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक करतं. पाळी थांबली की तो लगाम सुटतो. पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडाचा 20 टक्क्यांपर्यंत भाग जातो. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षीच जाते, म्हणजे हा काळ पन्नाशीच्या आधीच सुरू होतो. पण झीज सगळ्यांची होते, सगळ्यांचं हाड पापड होत नाही. कुणाचं किती झिजलंय ते डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडाची घनता मोजणाऱ्या एक्स-रेत कळतं. तिथे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून जो आकडा येतो तो टी-स्कोअर. तो उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड ठिसूळ होण्याचा आजार, उणे 1 ते उणे 2.5 मध्ये असेल तर नुसती घट. या दोघींना एकच सल्ला देता येत नाही. मेसेज मात्र तोच देतो.

आता "वजन उचलू नका". माझा खरा राग या ओळीवर आहे. हाडाला भार कळतो. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं की हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळवीरांच्या शरीराला तिथे वजनच जाणवत नाही, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. भार काढून घेतला की हाड स्वतःला आवरतं घेतं, आणि मेसेज नेमकं तेच करायला सांगतो.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी 58 वर्षांपुढच्या, हाडाची घनता आधीच कमी असलेल्या 101 बायका घेतल्या. अर्ध्या जणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली चांगलं जड वजन उचलायला लावलं, शिवाय उडी मारून पायांवर उतरायलाही. बाकीच्यांना घरी हलका व्यायाम. आठ महिन्यांनी वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे 3 टक्के वाढली, दुसऱ्यांची सुमारे 1 टक्का घटली. एवढ्या वजनाने हाडं मोडली का? नाही. एकीच्या पाठीत किरकोळ लचक भरली, इतकंच. यातला "देखरेखीखाली" हा शब्द मात्र कुणी गाळू नका. पहिला महिना त्यांना हलक्या वजनावर नुसती पद्धत शिकवली होती. हे वाचून उद्या तांदळाचं पोतं उचलायला जाऊ नका.

या भीतीत एक खरा कण आहे, तोही सांगते. अमेरिकेत 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ज्या बायकांनी पुढे वाकायचे व्यायाम केले त्यांच्यापैकी 89 टक्के जणींचे मणके नव्याने मोडलेले किंवा चेपलेले दिसले. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण 16 टक्के होतं. म्हणजे धोका ओझ्यापेक्षा गोल केलेल्या पाठीत जास्त. ऑस्टिओपोरोसिसचं निदान झालेल्या बाईने पश्चिमोत्तानासनासारखं पुढे वाकायचं आसन थांबवावं. कळशी उचलताना पाठ सरळ ठेवावी, खुब्यातून आणि गुडघ्यांतून खाली जावं, कळशी अंगाशी घ्यावी. उचलता उचलता कमरेत पिळवटू नये.

"रोज फिरलं की पुरे." चालणं हृदयाला, साखरेला, मनाला फार चांगलं, सोडू नका. पण हाडाला चालायची आयुष्यभराची सवय असते. नुसत्या चालण्याने मणक्याच्या घनतेत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. त्या मानाने आपली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढणं बरं. पोहण्याने आणि सायकलनेही हाडावर फारसा भार येत नाही: पाणी आणि सीट तुमचं वजन उचलून धरतात.

गोळीबद्दल थोडक्यात. अंगणात चिरे आणून टाकले म्हणून गडगा उभा राहत नाही, रचणारा लागतो. रचणारा म्हणजे हाडावरचा भार, कॅल्शियम म्हणजे चिरे. ते हवंतच, पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलीग्रॅम. 50 ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून पावणेदोनशेच्या आसपास मिळतं, बाकी दूध, दही, ताक, तीळ यांतून जमवायचं आणि कमी पडेल तेवढ्यापुरती गोळी. डॉक्टरांनी हाडासाठी वेगळं औषध दिलं असेल तर ते व्यायामाच्या भरवशावर बंद करू नका.

राहता राहिला कोकणाचा अभिमान. मासे खातो हे खरं, पण कॅल्शियम काट्यात असतं. कुरकुरीत मांदेली काट्यासकट चावून खाल्ली तर मिळेल, सुरमईची तुकडी काटा काढून खाल्ली तर फारसं नाही. ऊनही भरपूर, पण ऐन दुपारी आपण असतो चुलीपाशी नाहीतर पडवीत, अंगभर साडीत, आणि चार महिने तर आभाळच. उन्हातून मिळणाऱ्या आणि कॅल्शियम अंगी लावणाऱ्या ड जीवनसत्त्वाची कमतरता भारतभर आहे, उन्हाच्या प्रदेशांतसुद्धा. आणि घरकाम? आमच्या आजीच्या काळात रहाट, जातं, पाटा-वरवंटा, डोक्यावर भारे होते. आता पंप आहे, मिक्सर आहे. उरलेल्या कामात भार थोडा आणि वाकणं जास्त. लावणीत दिवस दिवस वाकून उभं राहण्याने माणूस थकतं, मणक्याला हवा तो भार मिळत नाही. शिवाय त्या आज्या आठवून बघा, किती जणी शेवटी कमरेत वाकलेल्या होत्या. त्याला आपण वय म्हणायचो. त्यातल्या कितीतरी जणींचे मणके चेपले असतील, कळलंही नसेल. तरुणपणापेक्षा उंची 4 सेंटीमीटरने कमी झाली असेल तर तपासून घ्या.

मेसेजात एका गोष्टीचा उल्लेखच नाही: पडणं. खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडल्यावरच मोडतं, आणि आषाढात शेवाळलेल्या पाखाडीवर पाय सटकायला किती वेळ लागतो ते आपल्याला सांगायला नको. जगभरच्या चाचण्या एकत्र करून 2019 मध्ये काढलेला निष्कर्ष असा की व्यायामाने वयस्कर माणसांचं पडणं सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं. त्यात तोलाचे व्यायाम महत्त्वाचे: ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहणं, टाचेला बोट लावत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं.

आत्याची डेक्सा करून घेतली. टी-स्कोअर उणे 1.8. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, मग दोन लिटरची बाटली घेऊन तेच, असं करत आता ती अर्धी कळशी नीट उचलते. पूर्ण भरायची घाई तिलाच झाली आहे, मी थांबवून धरलंय. पाखाडीला कठडा बसवून घेतलाय. पुढच्या गौरींना फुगडी घालायची का, ते तेव्हाचा तिचा तोल आणि गुडघे बघून आम्ही दोघी मिळून ठरवू.