फूल, दोन पानं आणि खोली नंबर दोन

पणजीत आल्तिनोच्या उतारावर एक जुनं कौलारू घर होतं. त्यात आम्ही चौदा विद्यार्थी राहत होतो. त्याला होस्टेल म्हटलं की आम्हाला राग यायचा. होस्टेलला वॉर्डन असतो, आमचं 'मंडळ' होतं. मंडळाला वॉर्डन नव्हता, घटना होती. फुलस्केपची सत्तावीस पानं. त्यातली एकोणीस पानं कुणाला कुठली खोली मिळावी यावर खर्च झाली होती. खोल्या सहा.

आत शिरणंच कठीण होतं. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल आणि वेगळं राहायचं असेल तर दोन पानं, अशी चिन्हं होती. फूल ३४,०२१ मतांनी हरलं. त्या हरलेल्यांपैकीच कुणीतरी पुढे आमची घटना लिहिली असावी, असा माझा संशय आहे. कारण नव्या उमेदवाराला घ्यायचं असेल तर तांब्यात तगरीचं फूल टाकायचं आणि नको असेल तर आंब्याची दोन पानं, अशी तिथे पद्धत होती. माझ्या वेळी दहा फुलं निघाली, दोघांची पानं निघाली आणि एका मतात फुलाला एकच पान चिकटलेलं निघालं. हे मत धरायचं कसं, यावर पाऊण तास चर्चा झाली. मी तोवर वाळपईहून आणलेली वळकटी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो होतो आणि शेवटची कदंबा बस किती वाजता सुटते ते आठवत होतो.

घेतलं एकदाचं. पण घेतलं म्हणजे सुटलो असं नव्हे. दर सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येक सभासदाचं मूल्यमापन व्हायचं. स्वच्छतेला दहा, बिल वेळेवर भरण्याला दहा, भोजनाला वेळेवर हजर राहण्याला दहा, आणि सहकार्याला वीस. ज्याचं मूल्यमापन चाललंय त्याने बाहेर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, जाऊन बसायचं आणि बाकीच्यांनी आत मोकळेपणाने बोलायचं. आता ज्यांनी जुनी गोंयकार घरं पाहिली आहेत त्यांना माहीत असेल की त्या खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात. त्यांतून उजेड गाळून येतो, पण आवाज जसाच्या तसा येतो. त्यामुळे मंडळातला प्रत्येक माणूस वर्षातून दोनदा दगडी सोप्यावर बसून स्वतःबद्दलचं खरं मत ऐकायचा आणि मग आत जाऊन, काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने, "काय ठरलं?" म्हणून विचारायचा.

माझ्याबद्दल पहिल्याच खेपेला कुणीतरी म्हणालं, "भुरगो बरो आसा, पूण न्हाल्यार बालदी उलटी घालना." पुढची तीन वर्षं मी बालदी उलटी घालत होतो. अजून घालतो. बायको विचारते, हे काय खूळ.

या गुणांवर खोली ठरायची. त्यात आणखी दोन हिशेब मिसळायचे. राहिलेल्या प्रत्येक सेमिस्टरला दोन गुण, आणि घर लांब असेल तर जादा. या लांबच्या कलमाने मंडळात जितकी भांडणं लावली तितकी कॅरमनेही लावली नसतील. अख्खं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, त्यात लांब ते काय असणार? पण घटनाकारांनी लिहून ठेवलं होतं, 'राज्याबाहेरील सभासदास तीन गुण.' आमच्यात एक सावंतवाडीचा होता आणि एक काणकोणचा. (आमच्याकडे माणसाला गावाच्या नावानेच हाक मारायचे. मी वाळपई.) दोघे शनिवारी एकाच वेळी निघायचे. सावंतवाडी घरी पोचून चहा पिऊन ओट्यावर बसलेला असायचा, तेव्हा काणकोण करमल घाटाच्या वळणावर खिडकीबाहेर डोकं काढून ओकत असायचा. तरी गुण सावंतवाडीला. काणकोणने दर मीटिंगला नकाशा आणला. दर मीटिंगला नकाशा बरोबर आहे असा ठराव झाला आणि नियम तसाच राहिला.

त्या जूनमध्ये मी पहिलं खोलीवाटप पाहिलं. एक नंबरची खोली मांडवीकडे तोंड करून, तीन खिडक्या, वारा. सगळ्यांत जास्त गुण डिचोलीचे. एम.एस्सी.ला होता, मंडळातला सर्वांत जुना सभासद. आता हा एक नंबर घेणार, म्हणून मी त्याच्याकडे आदराने बघत होतो. डिचोलीने यादी बघितलीही नाही. म्हणाला, "दोन नंबर."

दोन नंबर म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची, एका हातभर खिडकीची, काळ्या भिंतींची कोठी. मला हसू आलं. कुणीच हसलं नाही. उलट ज्याचे दुसऱ्या क्रमांकाचे गुण होते तो हळहळला.

मला कळायला ऑगस्ट उजाडला. तोवर माझ्या दोन पॅंटींवर हिरवी बुरशी आली होती, पट्ट्यावर पांढरी, आणि बनियन चौथ्या दिवशीही हाताला गारच लागत होता. एक नंबरवाल्याच्या तीन खिडक्यांतून मांडवी थेट आत येत होती. डिचोली मात्र रोज कोरडा शर्ट घालून जायचा. मग एकदा त्याच्या खोलीत गेलो. भिंतीला हात लावला. गरम! पलीकडे न्हाणीची भाण होती. चौदा जणांच्या आंघोळीचं पाणी तापवायला तिच्याखाली पहाटेपासून लाकडं पेटलेली असायची, आणि ती शेकणारी भिंत इकडे डिचोलीच्या दोरीशी. सत्तावीस पानांच्या घटनेत या भिंतीबद्दल एक अक्षर नव्हतं. तरी सगळी घटना तिच्याचसाठी लिहिलेली होती.

मग मीही गुण जमवायला लागलो. कामाचे सगळ्यांत जास्त जादा गुण मेस सेक्रेटरीला मिळायचे, पाच, कारण ते काम कुणालाच नको असायचं. मी घेतलं. जूनमध्ये घेतलं, यावरूनच माझी अक्कल दिसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. हे एकसष्ट दिवस ताटात ताजी मासळी नाही, हा सरकारचा नियम आहे हे चौदाही जणांना ठाऊक होतं, पण सरकार बाल्कांवात बसत नव्हतं, मी बसत होतो. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी मे महिन्यातच करायची असते, तेव्हा मी वाळपईला आंबे खात होतो. शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून महाग सुकी सुंगटं (कोळंबी) आणली आणि दोन महिने त्यांची कोशिंबीर, म्हणजे किसमूर, किसमूर आणि किसमूर. "वाळपई, आज कितें?" असं विचारणंही लोकांनी बंद केलं.

तरी जमले गुण. तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये यादीत माझं नाव पहिलं होतं. मी यादी न बघता म्हणालो, "दोन नंबर." सांग्याहून नवा आलेला मुलगा फसकन हसला. मला फार बरं वाटलं.

कपडे वाळायचे, खरंच वाळायचे. फक्त धुराचा आणि भाजलेल्या सुंगटांचा वास मारायचा. कदंबात माझ्या शेजारची बाई एकदा नाक वर करून म्हणाली, "कोणाच्या पिशवीत गालमो आसा?" गालमो म्हणजे सुका जवळा. मीही आजूबाजूला पाहिलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दार वाजलं. सांग्याचा मुलगा, हातात बालदी. "दादा, एकच टॉवेल. सुकत घालू?" आता नाही म्हणणं म्हणजे सहकार्याचे वीस गुण. घाल म्हटलं. संध्याकाळी काणकोण आला. त्याच्या मागून सावंतवाडी. आठवड्याच्या शेवटी खोलीत सात दोऱ्या होत्या आणि मी तेरा जणांच्या चड्ड्यांखाली झोपत होतो. कुणाची कुठली ते इलॅस्टिकवरून ओळखू यायला लागलं.

सेमिस्टरअखेर मूल्यमापनाला मी बाल्कांवात जाऊन बसलो. पाऊस परतीचा, पण जाताना सगळं देणं चुकतं करून चालला होता. आत माझाच विषय.

"कपडे मधून मधून उलटे करीत नाही."

"माझ्या शर्टाला किसमुरीचा वास येतो. दोनदा सांगितलं."

"परवा माझा टॉवेल दाराजवळच्या दोरीवर. भिंतीजवळ कोण, तर सांगे."

थोडा वेळ शांतता. मग काणकोणचा आवाज, "सहकार्य सहा घाला."

मी अंगातला शर्ट चाचपला. दोन्ही बाह्या ओल्या होत्या. तीन दिवस झाले, भिंतीजवळच्या दोरीवर माझा नंबरच लागत नव्हता.