चोरी झाल्यावर समाजाचे अभिनंदन कसे करावे

आपल्या घरी चोरी झाली असेल, तर सर्वप्रथम आपला संकुचित दृष्टिकोन बाजूला ठेवावा. कपाट रिकामे झाले, ही आपली खासगी बाब आहे. त्याच रात्री समाजाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब आपण अजून मांडलेलाच नाही. प्रकार्यवादी समाजशास्त्र, म्हणजे समाजातील प्रत्येक गोष्ट समाज टिकवण्याचे काही ना काही काम (प्रकार्य) करते असे मानणारे शास्त्र, तो मोठ्या आनंदाने मांडून देते. गुन्हा नसलेला समाज अस्तित्वातच नसतो, संतांचा मठ घेतला तरी तेथे एरवी क्षुल्लक ठरणारी चूक गुन्ह्याइतकीच खळबळ उडवील, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्येच लिहून ठेवले आहे. तेव्हा आपल्या घरी येऊन गेलेला इसम हे समाज धडधाकट असल्याचे लक्षण समजावे.

सकाळी शेजारी जमतील आणि एका सुरात संताप व्यक्त करतील. त्यांच्याकडे कौतुकाने पाहावे, कारण गुन्हा सज्जनांची मने एकत्र आणतो, असा दुर्खीम यांचा १८९३ पासूनचा दावा आहे. चोर पकडला गेलाच, तर शिक्षेने तो सुधारेल अशी भाबडी अपेक्षा ठेवू नये. शिक्षेचा खरा परिणाम सज्जनांवर व्हायचा असतो, म्हणजे तुरुंगात तो जाणार आणि औषध लागू पडणार आपल्याला. (गुन्हा सामान्य असला तरी त्याचा तिटकारा करू नये असे मुळीच नाही, हा खुलासाही दुर्खीम यांनी केला होता. तो तळटीपेत आहे, आणि तळटिपा वाचून कोणाचे समाधान झाल्याचे ऐकिवात नाही.)

चोराविषयी मनात कटुता उरलीच असेल, तर अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या १९३८ च्या निबंधाकडे वळावे. समाज सर्वांना श्रीमंतीचे एकच स्वप्न दाखवतो आणि तेथे पोहोचण्याचे सनदशीर मार्ग मात्र मोजक्यांनाच देतो. या ओढाताणीत जो ध्येय स्वीकारून मार्ग तेवढा बदलतो, त्याला मर्टन नवप्रवर्तक म्हणतात. आपला चोर हा असा उद्यमशील मनुष्य आहे. यशाबद्दलची त्याची श्रद्धा आपल्याइतकीच अढळ असते, किंबहुना रात्री जागण्याची तयारी पाहता थोडी अधिकच. त्याने काही न नेता नुसत्या काचा फोडल्या असतील, तर मर्टन उपयोगी पडत नाहीत. मग अल्बर्ट कोहेन यांचा १९५५ चा ग्रंथ उघडून त्या काचांमागे प्रतिष्ठेला मुकलेल्या मुलांचे वैफल्य शोधावे.

खरी कसोटी पुढे आहे. वेश्याव्यवसायामुळे कुटुंबसंस्था सुरक्षित राहते, अशा धर्तीचे विवेचन किंग्सले डेव्हिस यांनी १९३७ मध्ये केले. ते वाचताना त्या व्यवसायातील स्त्रियांना काय वाटते, असा विषयांतर करणारा प्रश्न मनात आणू नये. काई एरिकसन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) वसाहतीचा अभ्यास करून दाखवले की समाज आपल्या सीमा कोठवर आहेत हे चाकोरी मोडणाऱ्यांना शिक्षा देऊन ठरवत असतो. त्याच वसाहतीत, सेलममध्ये, १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी कोणी चेटूक केले नव्हते, आणि येथेच सिद्धांताचे सौंदर्य आहे: सीमारेषा आखायला निर्दोष माणूसही दोषी माणसाइतकाच चालतो. फासावर गेलेल्यांना ही रेषा किती सुबक दिसली असती, हे विचारण्याची सोय राहिली नाही. तेव्हा एखाद्या भलत्याच माणसाला आपल्या चोरीसाठी शिक्षा झाली, तरी ती वाया गेली असे मानू नये.

काही टीकाकार हे सारे नेमके कोणासाठी उपयुक्त, असे विचारतात. एखादी गोष्ट उपयोगी पडते म्हणून ती घडली, हे म्हणणे परिणामालाच कारण ठरवणे आहे, असाही त्यांचा आक्षेप असतो. अशांशी वाद घालू नये. ते बहुधा कधीतरी लुटले गेलेले असतात.

राहता राहिला प्रमाणाचा प्रश्न. गुन्हे किती असावेत म्हणजे समाज निकोप राहील, याचा आकडा कोणी दिलेला नाही. मात्र ते नेहमीपेक्षा फारच कमी झाले तर आनंद मानू नये, असा इशारा दुर्खीम यांनी दिला आहे, कारण त्यांच्या मते टंचाईच्या काळात मारहाणीचे गुन्हे सर्वांत खाली येतात. त्यामुळे आपल्या वस्तीत बरेच दिवस काही घडले नाही, तर काळजी करावी. दाराचे कुलूप तेवढे बदलून घ्यायला हरकत नाही. त्याने समाजाचे काहीही बिघडत नाही. चोर शेजारच्या घरी जातो आणि प्रकार्य तितक्याच चोखपणे पार पडते.