लिहिणाऱ्या आईवडिलांसाठी लॅपटॉप घेताय? आधी कीबोर्ड बघा

आईवडिलांना लिहिण्यासाठी लॅपटॉप घ्यायचा ठरला की मुलं आधी प्रोसेसर विचारतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. वर्डमध्ये लिहायला हल्लीचा साधा आय३ किंवा रायझन ३ सुद्धा भरपूर होतो. रॅम किंवा एसएसडी काही मॉडेलमध्ये नंतर वाढवता येते, पण वाईट कीबोर्ड शेवटपर्यंत वाईटच राहतो.

म्हणून दुकानात नोटपॅड उघडा आणि त्यांनाच दोन परिच्छेद टाइप करू द्या. बटण साधारण १.५ मिलिमीटर खाली जायला हवं. १ मिलिमीटरच्या उथळ कीबोर्डवर बोटं तळावर आपटत राहतात आणि बराच वेळ लिहिल्यावर दुखतात. कीबोर्ड मधोमध दाबून बघा, लवत असेल तर तो लॅपटॉप सोडून द्या. पॉवर बटण डिलीटला खेटून असेल तर खोडताना हमखास दाबलं जातं आणि मशीन स्लीपला जातं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ते बटण निष्क्रिय करता येतं, तेवढं करूनच द्या.

स्क्रीन मॅट (न चकाकणारी) हवी, १४ इंच, रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० असलेली, म्हणजे नेहमीच्या १६:९ पेक्षा थोडी उंच. त्यामुळे मजकुराच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात. स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं मोठी करण्याचं सेटिंग, १५० टक्के ठेवा. अनुस्वार आणि रफार डोळे न ताणता दिसले पाहिजेत.

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डवरच सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की बसवलेली) असते, म्हणजे नंतर वाढवता येत नाही. तिथे घेतानाच १६ जीबी घ्या. ईएमएमसी स्टोरेज (एसएसडीपेक्षा हळू चालणारी साठवण) असलेलं स्वस्त मशीन नकोच.

रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेले, लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड किंवा एचपीचे एलिटबुक हे ऑफिसवापराचे लॅपटॉप मला नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा केव्हाही बरे वाटतात. बिजागऱ्या भक्कम आणि सुटे भाग मिळतात. मात्र प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजचा बॅटरी रिपोर्टही (बॅटरीची अवस्था दाखवणारा अहवाल) काढून बघा. फुल चार्ज कपॅसिटी मूळ डिझाइन कपॅसिटीच्या ८० टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी मागा. टचपॅड वर उचललेला दिसला तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते, ते मशीन घेऊच नका.

घरी आणल्यावर दोन गोष्टी लगेच करा. लिहिताना कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो, कारण तळहात टचपॅडला लागतो. माउस जोडून द्या आणि माउस असताना टचपॅड बंद राहील असं सेटिंग करा. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ऑटोरिकव्हरची (लिहिलेलं आपोआप जपून ठेवण्याची) वेळ १० मिनिटांवरून १ मिनिटावर आणा.