डिपॉझिट आमचं आहे, घरमालकाची कमाई नाही

घर सोडताना डिपॉझिट परत मागितलं की घरमालकाचा चेहरा असा होतो, जणू आपण त्याच्या खिशातले पैसे मागतोय. अरे, ते आमचे पैसे आहेत! गावाकडची कपाशी विकून, भिशी उचलून, बायकोची पोत गहाण ठेवून भरलेले. तुमच्याकडे फक्त ठेवायला दिलेत. पण जळगावात, भुसावळात, धुळ्यात कोणालाही विचारा, डिपॉझिट पूर्ण परत मिळालेला माणूस शोधून सापडत नाही. लोक मुकाट्याने सोडून देतात, आणि मालकांना हे पक्कं माहीत आहे.

माझे ३०,००० होते. भाडं ७,५०० म्हणजे चार महिन्यांचं डिपॉझिट. एक महिना आधी सांगितलं की घर सोडतोय. भाडं एकदाही थकवलं नाही, लाइट बिल भरलेलं. मधे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आली, बायको-पोरांना घेऊन सासुरवाडीला धुळ्याकडे गेलो. परत आलो तर दाराला नवंकोरं कुलूप. माझी चावी त्यात शिरेचना. आत आमचं सगळं सामान, कूलर, गॅसची टाकी, पोराची पुस्तकं आणि बायकोचं शिलाई मशीन. लग्नसराईत तिच्याकडे ब्लाउजच्या ऑर्डरी होत्या, कापड बायांचं, तारखा ठरलेल्या. मे महिन्याच्या उन्हात, जळगावात पारा ४४ च्या पुढे असताना, लेकराला घेऊन जिन्यात बसलो आम्ही.

खाली घरमालकाकडे गेलो. म्हटलं, "अप्पा, कुलूप कोणी बदललं?" म्हणे, "आधी रंगाचे पैसे क्लिअर करा, मग सामान काढा." म्हटलं, महिना संपायचाय अजून, भाडं दिलंय. तर हात झटकून म्हणाले, "घर माझं शे. तुले जे करनं शे ते करी ले."

घर तुमचंच आहे, नाही कोण म्हणतंय? पण भाडं घेतलंय तोवर ताबा माझा आहे. कायद्याने मालकालाही हातात काही कमी दिलेलं नाही. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची, मुदत संपूनही कोणी घर सोडत नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवरच्या दिवसांचं दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून मिळतं. मग ही कुलपाची दादागिरी कशासाठी? पाणी तोडणं, वीज तोडणं हेही त्याच कायद्याच्या कलम २९ ने बंद केलंय. तरी भाडेकरूला वठणीवर आणायचं तर मोटरीचा कॉक बंद करायचा, ही युक्ती गल्लोगल्ली चालते. आधीच नळाला रोज पाणी येत नाही आमच्याकडे!

पोलीस चौकीत गेलो, तर "ही दिवाणी बाब आहे, आपसात मिटवा." लेकरू रडतंय, सामान कोंडलंय आणि मिटवा म्हणे! मालकाला नुसता एक फोन केला असता तरी दार उघडलं असतं. शेवटी गल्लीतल्या चार मोठ्या माणसांना मधे घातलं, तेव्हा सामान निघालं. तोवर ब्लाउजच्या तारखा उलटून गेल्या होत्या. बायांनी कापड परत नेलं, आणि ऐकून घ्यावं लागलं ते माझ्या बायकोला.

आणि मग हिशेब. पोराच्या वहीसारख्या रेघांच्या कागदावर, निळ्या पेनाने. रंगकाम १२,०००. नळ दुरुस्ती २,४००. भिंतीची भोकं १,५००. साफसफाई १,५००. आणि सगळ्यात खाली, कुलूप बदलणे २,०००. मला घराबाहेर ठेवायला जे कुलूप लावलं, त्याचे पैसे माझ्याकडूनच! हे वाचून माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

रंगाचं काय, तर आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. ती कुठून आली? वरच्या गच्चीतून. पावसाळ्यात स्लॅब ठिबकतो हे मीच सांगितलं होतं, बादली लावून झोपलोय आम्ही तिथे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तुम्ही करायचं नाही, पोपडे निघाले की पैसे भाडेकरूचे. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून नळ जाम होतात, तेही आमच्या माथी. माणूस घरात राहिला की घर थोडंफार झिजणारच, भाडं त्याचंच तर घेता ना महिन्याच्या महिन्याला! आणि १२ हजारांचा रंग मारला कुठे? नवीन भाडेकरू त्याच पोपड्यांच्या भिंतीत राहायला आलाय, मी डोळ्यांनी बघून आलो. त्याच्याकडून डिपॉझिट घेतलंय ते वेगळंच.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घ्यायचं नाही, असं त्यात लिहिलंय. पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालू आहे. म्हणजे चार महिने मागा, सहा महिने मागा, विचारणारं कोणी नाही.

करारनाम्याचं तर बोलूच नका. अकरा महिन्यांचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, झालं काम. रजिस्टर करू म्हटलं की "कशाला खर्च?" त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवता येईपर्यंत. ही गोष्ट ओरडून सांगावीशी वाटते मला. आपल्याकडे रजिस्टर कागद नाही म्हणून आपण घाबरतो, आणि घाबरायला हवं त्यांनी!

शेजारच्या मावशी म्हणतात, "जाऊ द्या ना भाऊ, कुठे नादी लागता." नाही जाऊ देणार. एमआयडीसीत चटईच्या कंपनीत बारा-बारा तास उभं राहून कमावलेत ते पैसे. आज मी सोडले की उद्या त्या नव्या पोराचेही कापणार. उरलेले १०,६०० "बघू, देऊ" म्हणतात, तेही अजून हातात नाहीत.

वकिलाची नोटीस या आठवड्यात स्पीड पोस्टाने जातेय. त्यात पूर्ण ३०,००० मागितलेत, कुलपाच्या त्या २,००० सकट, आणि बुडालेल्या शिलाईचे पैसे वेगळे.