बूट फेकण्याआधी पोटरीला विचारा

‘बूट ही कंपन्यांनी लावलेली सवय. अनवाणी धावा, गुडघेदुखी जाईल. केनियाचे धावपटू असेच धावतात, बिकिलाने तर अनवाणी ऑलिंपिक जिंकलं.’ धावणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मजकूर सतत फिरत असतो.

इथिओपियाचा मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला, त्याचं अर्धंच सांगितलं जातं. 1960 मध्ये रोमला तो अनवाणी जिंकला, 2:15:16 मध्ये. 1964 ला टोकियोत बूट घालून 2:12:11, तोही विश्वविक्रम. केनियातली खेड्यातली मुलं अनवाणी धावत असतील, पण तिथल्याच केल्विन किप्टमने 2023 मध्ये शिकागो मॅरेथॉनला 2:00:35 ची वेळ दिली ती जाड सोलच्या बुटांत.

‘अनवाणी माणूस आपोआप चवड्यावर उतरतो’ हेही सरसकट खरं नाही. उत्तर केनियातल्या, बूट न वापरणाऱ्या दासनाच लोकांच्या 2013 च्या अभ्यासात आरामाच्या वेगाला बहुतेक जण टाचेवरच उतरत होते.

आता गुडघा. चवड्यावर उतरलं की गुडघ्यावरचा भार हलका होतो, हे बरोबर. पण तो नाहीसा होत नाही. पोटरी, अकिलीस (टाचेमागची जाड कंडरा) आणि चवड्याच्या लांब हाडांवर जातो. घोळ इथेच होतो. दम आधीच कमावलेला असतो, म्हणून माणूस पहिल्याच आठवड्यात जुनं अंतर धावतो. हाडं आणि अकिलीस तयार व्हायला मात्र महिने लागतात. 2013 च्याच एका अमेरिकी अभ्यासात 19 जण 10 आठवड्यांत पातळ, पाच बोटांच्या बुटांवर आले; त्यांतल्या 10 जणांच्या पायाच्या हाडात एमआरआयवर सूज वाढलेली दिसली.

करायचंच असेल तर आधी दोन आठवडे घरात आणि गवतावर अनवाणी चाला. एका पायावर उभं राहून टाच सलग 20 वेळा उचलता येईपर्यंत धावू नका. मग नेहमीचं धावणं बुटातच संपवून शेवटची 5 मिनिटं गवतावर अनवाणी, एक दिवसाआड. आठवड्याला फार तर 5 मिनिटं वाढवा. पावलं आखूड टाका आणि चवड्यानंतर टाच हलकेच टेकू द्या. ती अधांतरी धरून ठेवली की पोटरी भरून येते, ही नेहमीची चूक.

पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबून एकाच जागी दुखलं तर त्याच दिवशी थांबा. ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं. ते पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे धावायची परवानगी नव्हे.

महागड्या कुशनने दुखापत टळते, हा दुकानातला दावाही तितकाच कच्चा आहे. मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र अनवाणीच्या वाटेला जाऊच नये: काच रुतली तरी त्यांना कळत नाही.