लोणारविषयीच्या त्या संदेशातले खरे, खोटे आणि अर्धवट

लग्नसराईत आमच्या मेहकर तालुक्यात बाहेरगावचे पाहुणे येतात आणि लग्न आटोपले की दुसऱ्या दिवशी जीप करून लोणारला जातात. तिथे काय पाहायचे आहे, हे सांगणारा एक संदेश त्यांच्या मोबाइलवर आधीच येऊन पडलेला असतो. लोणार हे जगातले तिसऱ्या क्रमांकाचे उल्कापाती सरोवर आहे, बेसॉल्ट खडकात, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या पाषाणात, तयार झालेले ते जगातले एकमेव आहे, ते बरोबर ५२,००० वर्षांपूर्वी निर्माण झाले, ती उल्का अजून तळाशी पुरलेली आहे, तिथे होकायंत्र चालत नाही, आणि जून २०२० मध्ये त्याचे पाणी एका रात्रीत गुलाबी झाले ज्याचे कारण नासालाही सापडलेले नाही, असा त्याचा मजकूर आहे. या सहा विधानांपैकी जसेच्या तसे मान्य करावे असे एकही नाही. दोन मात्र खऱ्याच्या इतकी जवळ आहेत, की त्यांचाच गोंधळ अधिक होतो.

तिसऱ्या क्रमांकाचे विधान सर्वांत कच्चे आहे, कारण हा क्रमांक व्यासाचा, खोलीचा की वयाचा, हे संदेश सांगतच नाही. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. मेक्सिकोतील चिक्शुलुब विवर १८० किलोमीटरच्या आसपास आहे आणि दक्षिण आफ्रिकेतील व्रेडफोर्ट मुळात त्याहूनही मोठे असावे, असे मानले जाते. केवळ पाणी साचलेली विवरे धरली, तरी घानामधील बोसुमत्वी सरोवराचे विवर दहा किलोमीटरहून अधिक रुंद आहे. फार लांब कशाला, शेजारच्या मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील ढाला येथे लोणारहून कितीतरी मोठे आघात-विवर आहे. फक्त ते इतके झिजले आहे, की तिथे उभे राहिलेल्या माणसाला आपण विवरात आहोत हे कळणारही नाही. ॲरिझोनातील प्रसिद्ध विवरापेक्षा, ज्याचा व्यास १.२ किलोमीटर आहे, लोणार मोठे आहे, एवढे मात्र खुशाल सांगावे.

‘बेसॉल्टमधले एकमेव’ हे विधान खऱ्याच्या जवळचे आहे. ब्राझीलमध्ये वार्झियाँव आणि व्हिस्टा अलेग्रे ही दोन विवरे बेसॉल्टमध्येच झालेली आहेत, त्यामुळे ‘एकमेव’ हा शब्द टिकत नाही. पण ती फार जुनी आणि झिजलेली आहेत, तर लोणारची वाटी, तिचा उचललेला काठ आणि बाहेर उधळलेला खडक हे सगळे आजही डोळ्यांना दिसते. आमच्याकडे विहीर खोदणाऱ्या माणसाला काळी माती, मुरूम आणि मग काळा पाषाण हा क्रम तोंडपाठ असतो, आणि पाषाणाचे थर आडवे असतात हेही तो जाणतो. लोणारच्या काठाशी मात्र तेच थर वर उचलून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याने घातलेले हे आडवे थर पुढे कशाने तरी फोडले, हे त्यावरून कळते. हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे पूर्वी अनेक अभ्यासक मानत. परंतु तळातून काढलेल्या खडकात प्रचंड दाबाखालीच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानंतर उल्कापाताचे मत पक्के झाले. चंद्रावरील काळे डाग हेही बेसॉल्टचेच मैदान असल्यामुळे, तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार महत्त्वाचे वाटते. संदेशात हे एक वाक्य असते, तर बाकीचे सगळे माफ करता आले असते.

वयाच्या बाबतीत माझी हरकत ५२,००० या आकड्याला नसून ‘बरोबर’ या शब्दाला आहे. आघाताच्या उष्णतेने वितळून तयार झालेल्या काचेतून तापवल्यावर बाहेर पडणारा प्रकाश मोजून १९९०च्या दशकात हे वय काढले गेले, आणि त्यातही सुमारे ६,००० वर्षांची कमीजास्त शक्यता नोंदवलेली होती. पुढे वितळलेल्या खडकातील आरगॉन वायूचे प्रमाण मोजून दुसऱ्या संशोधकांनी सुमारे ५,७०,००० वर्षे हे वय मांडले, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ अकरापट. ज्या प्रश्नावर दोन पद्धतींची उत्तरे इतकी लांब पडतात, तिथे पाटीवर एकच आकडा लिहिणे हे वाचकाची फसवणूक करणेच आहे, मग ती पाटी सरकारी असो वा मोबाइलवरची.

तळाशी पुरलेल्या उल्केची आशा सोडून द्यावी. एवढ्या वेगाने येणारी उल्का जमिनीत रुतून बसत नाही. आघाताच्या क्षणी तिचा बहुतांश भाग वितळतो व वाफ होऊन जातो. विवरात बोअर घेतले, तेव्हा आधी सुमारे १०० मीटर गाळ लागला आणि त्याखाली फुटलेला खडक. होकायंत्राविषयी एवढेच, की बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते आणि एखाद्या दगडाजवळ सुई थोडी हलू शकते. आमच्या शेताच्या बांधावरही ती हलेल. गेल्या वर्षी एका पाहुण्याने मोबाइलमधला होकायंत्राचा चमत्कार सर्वांना दाखवला, तेव्हा त्याच्या कव्हरलाच चुंबक होते.

आता गुलाबी पाणी. या सरोवराला बाहेर जाणारी वाट नाही. पाऊस आणि झऱ्यांचे पाणी आत येते, ते केवळ वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात; म्हणून त्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास, म्हणजे बराच अल्कधर्मी, असतो आणि ते हाताला साबणासारखे बुळबुळीत लागते. एरवी त्यात स्पिरुलिनाच्या जातीचे सूक्ष्मजीव वाढतात, त्यामुळे ते हिरवे दिसते. २०२० च्या उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली, तेव्हा हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव वाढले, ज्यांच्या पेशींत गुलाबी रंगद्रव्य असते. हे कोडे उरलेले नाही: उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रकाराची दखल घेतली होती, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे कारण सांगितले. नमुना ठेवून दिल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच. इराणमधील उर्मिया आणि अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकचा उत्तर भाग यांच्या तांबूस रंगामागेही असेच क्षारप्रेमी जीव आहेत.

या खारट पाण्याच्या विवराच्या काठावरच गोमुखाची धार गोड्या पाण्याची आहे आणि लोक तिच्याखाली अंघोळ करतात, हे मात्र संदेशात कुठेही नाही. पाहुण्यांना गुलाबी रंग दिसला नाही म्हणून ते हिरमुसतात, तेव्हा मी त्यांना आधी धारेखाली हात धुवायला लावतो, मग खाली उतरून सरोवराचे पाणी दोन बोटांत चोळायला सांगतो.