कुटुंब-संध्येत कुटुंबाला एकत्र बसू द्या

आपल्या वसईतल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या ख्रिस्ती वस्तीत, कुटुंबांसाठी संध्याकाळ ठेवली की बहुतेकदा आखणी ठरलेली असते. आईवडील मोठ्या हॉलमध्ये वक्त्यासमोर. लहान मुलं सिस्टरांबरोबर शाळेच्या वर्गात. तरुण मंडळी वाढायला नाहीतर गाड्या लावून घ्यायला. आजी-आजोबा घरीच, कारण त्यांना कुणी वेगळं बोलावलेलं नसतं. दीड तास सगळे चार दिशांना आणि शेवटी जेवणाच्या रांगेत भेट. याला कुटुंब-संध्या म्हणायला माझं मन तयार होत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं आणि मुलांना श्रद्धेची पहिली ओळख आईवडिलांनी आपल्या शब्दांनी आणि वागण्यानं करून द्यावी असं सांगितलं. पण सकाळची विरार लोकल पकडून रात्री आठ-साडेआठला घरी पोचणारा बाप मुलाशी देवाबद्दल बोलतो कधी? त्या बोलण्याची सवय मोडली आहे, आणि ती पुन्हा लावण्यासाठीच ही संध्याकाळ असायला हवी. व्याख्यान रविवारीही ऐकता येतं. म्हणून पहिला नियम एवढाच: एका घरातली माणसं एकाच गोलात बसतील. बाकीची सगळी आखणी त्यानंतर.

तारखेचं आधी बघू. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो, म्हणून त्याच दिवशी कार्यक्रम ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. त्या आठवड्यात घरोघरी पाहुणे, लग्नं, आणि गायनमंडळ आधीच थकलेलं. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे, मे पुन्हा लग्नांचा, ऑक्टोबरात संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. माझ्या मते सगळ्यात चांगला काळ जुलैचा शेवट. २६ जुलै हा येशूची आई मरिया हिचे आईवडील संत योवाकीम आणि संत अॅना यांचा सण, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांसाठी ठेवला आहे. २०२६ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी येतात. आदल्या शनिवारची संध्याकाळ घ्या. तोवर भातलावणीही बहुतेक उरकलेली असते. अडचण एकच, पाऊस. दाराशी छत्र्यांसाठी दोन मोठे टब, फरशी कोरडी ठेवायला पोती आणि दोन माणसं, जनरेटरमध्ये डिझेल, आणि आजी-आजोबांना घरून आणायला चार-पाच रिक्षा आधीच सांगून ठेवलेल्या. यातलं शेवटचं केलं नाही तर म्हातारी माणसं येत नाहीत, आणि मग जुलै निवडण्यात अर्थ उरत नाही.

मिस्सा, म्हणजे फादरांनी वेदीवर करायची मुख्य उपासना, ठेवायची की नाही यावर प्रत्येक समितीत वाद होतो. मी म्हणेन, ठेवू नका. शनिवार संध्याकाळच्या मिस्सेनं रविवारचं कर्तव्य पुरं होतं, त्यामुळे काही जण फक्त तेवढ्यासाठी येतात आणि शेवटचं गीत संपायच्या आत फाटकाबाहेर असतात. शिवाय मिस्सेत कम्युनिअन (पवित्र भाकर) घेण्याआधी एक तासाचा उपास असतो, म्हणजे मुलांना आल्या आल्या काही देता येत नाही आणि सातच्या सुमाराला ती रडकुंडीला येतात. फादरांना मिस्सा हवीच असेल तर ती सहाला, सर्वांत आधी, आणि ती संपताच केळी आणि लिंबू सरबत. नसेल तर पावणेसहाला चहा-बिस्किटं, सव्वासहाला एक गीत आणि छोटी प्रार्थना, साडेसहाला शास्त्रवाचन.

बोलावणं वेदीवरून झालेल्या घोषणेनं पोचत नाही. घोषणेनं तेच येतात जे नेहमी येतात. आळीआळीतल्या समूहप्रमुखांना प्रत्येकी सहा-सात घरं वाटून द्या आणि तीन आठवडे आधी घरी जाऊन सांगायला लावा. सांगताना ‘जोडप्यांनी मुलांना घेऊन यावं’ असं म्हणू नका. ‘तुमच्या घरात राहणारे सगळे या’ असं म्हणा. ज्या बाईचा नवरा परदेशी नोकरीला आहे ती, विधवा आई, वेगळी झालेली व्यक्ती, लग्न न केलेली मावशी, सून किंवा जावई हिंदू असलेलं घर, या सगळ्यांना ‘कुटुंब’ हा शब्द ऐकला की वाटतं की हे आपल्यासाठी नाही. एकटं राहणाऱ्यांना आधीच एखाद्या घराशी जोडून द्या. हॉलमध्ये आल्यावर जागा शोधत उभं राहण्याची वेळ त्यांच्यावर येता कामा नये.

साधारण १२० माणसं धरा, ८० मोठी आणि ४० मुलं. सात-आठ खुर्च्यांचे सोळा गोल होतात. प्रत्येक गोलात दोन घरं, शक्यतो वेगवेगळ्या आळ्यांतली. टेबलं नकोत, मध्ये एक स्टूल पुरतं. दोन गोलांत किमान चार फूट अंतर सोडा, नाहीतर पत्र्याच्या छताखाली पावसाचा आवाज आणि शेजारच्यांचं बोलणं मिसळून कुणालाच काही ऐकू येत नाही. प्रत्येक घराला एक मेणबत्ती देणार असाल तर ती काचेच्या ग्लासात द्या. पंखे चालू असले की उघडी मेणबत्ती विझते, पंखे बंद केले की जुलैच्या उकाड्यात पाच मिनिटांत मुलं कंटाळतात. ओढण्या आणि लहान हात लक्षात घेऊन ती स्टुलावरच राहील असं सांगा, आणि भिंतीशी दोन बादल्या पाणी भरून ठेवा.

वाचन एकच घ्या. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं २:४१-५२, बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो तो प्रसंग. बारा वचनं, दोन-अडीच मिनिटं. निवेदक, मरिया आणि येशू अशा तीन आवाजांत वाचा. येशूचा आवाज खरोखर बारा वर्षांच्या मुलाचा असू द्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरी वाचताना अडखळायला होतं, म्हणून मोठ्या टायपात छापलेला कागद आठवडाभर आधी घरी द्या आणि शुक्रवारी माईकवर एकदा वाचून घ्या. वाचन झाल्यावर एखाद्या आजीनं तीच गोष्ट सामवेदी किंवा वाडवळी या इथल्या बोलीत सांगितली तर फारच चांगलं. मरियेनं मुलाला काय विचारलं हे घरच्या बोलीत ऐकताना हॉल हसतो आणि मग शांत होतो. या प्रसंगात आईवडील तीन दिवस शोधतात, मुलगा उत्तर देतो आणि ते उत्तर त्यांना समजत नाही, हे शुभवर्तमानच सांगतं. पवित्र कुटुंबातही न समजणं होतं. घराघरांत बोलणं सुरू करायला याहून मोठा आधार मला माहीत नाही. फादरांचं मनन सात मिनिटांचं. घड्याळ लावून सात.

मग प्रश्न. सगळी संध्याकाळ यावर तरते किंवा बुडते. ‘या वाचनातून काय शिकलात?’ असं विचारलं की मुलं धर्मशिक्षणाच्या तासाचं पाठ उत्तर देतात आणि आईवडील खूश होऊन गप्प बसतात. पहिला प्रश्न दोन्ही घरांनी मिळून बोलायचा आणि सोपा असावा: आपल्या घरी देवाचं नाव शेवटचं कधी आणि कशासाठी निघालं? दहा मिनिटं. दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येक घरानं खुर्च्या वळवून आपल्यापुरतं बोलायचं: एकमेकांचं कोणतं वागणं मला समजत नाही? वीस मिनिटं, आणि मुलं आधी बोलतील. आईवडील मधे उत्तर देणार नाहीत, फक्त ऐकतील. हे माईकवरून दोनदा सांगावं लागतं, कारण खुलासा करायची घाई मोठ्यांनाच असते. तेरा ते सतरा वयाची मुलं बोलणार नाहीत. त्यांना कार्ड आणि पेन द्या, लिहून आईच्या हातात ठेवू दे. आणि यातलं काहीही हॉलसमोर मांडायला कुणालाही सांगू नका. ‘कुणी अनुभव सांगेल का?’ या एका वाक्यानं पुढच्या वेळी अर्धी घरं कमी होतात.

कधी एखादं मूल असं काही सांगतं जे घरापुरतं ठेवता येत नाही. मारहाण, नको तो स्पर्श. कुणालाही न सांगण्याचं वचन त्याला देऊ नका, पण प्रश्नांची सरबत्तीही करू नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पोक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. हे दोन मुद्दे प्रत्येक स्वयंसेवकाला आधी माहीत हवेत.

जेवणाबाबत माझा आग्रह टोकाचा आहे: धर्मग्रामातल्या बायकांनी त्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही. महिला मंडळ चुलीपाशी असेल तर पंधरा घरांतल्या आईची खुर्ची गोलात रिकामी राहते. बाहेरच्या स्वयंपाक्याला सांगा आणि बेत साधा ठेवा. भाज्या घातलेला पुलाव, मोठ्यांमागे १०० ग्रॅम आणि मुलांमागे ६० ग्रॅम तांदूळ, म्हणजे जवळपास साडेदहा किलो. शुक्रवारी रात्री भिजवलेल्या चार किलो काबुली चण्यांची उसळ, काकडीची कोशिंबीर. प्रत्येक घरानं एक फळ किंवा गोड आणावं, सुकेळी (वसईची सुकवलेली केळी) असतील तर मुलांना त्यांची ओळख होईल. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे सहा जार. कूपन लावू नका, दाराशी दानपेटी ठेवा. चार जणांच्या घराला कूपनाचे पैसे जड जात असतील तर ते सांगणार नाहीत, फक्त येणार नाहीत.

आठला जेवण, पावणेनऊला शेवटची प्रार्थना. जुन्या घरांत सांजची प्रार्थना झाली की लहानांनी थोरांकडून आशीर्वाद घ्यायची रीत होती. तीच इथे करा: आजी-आजोबा आईवडिलांना, आईवडील मुलांना, कपाळावर क्रुसाची खूण करून. हिंदू सून-जावयांना आधी विचारा, बहुतेक जण आनंदानं डोकं पुढे करतात. त्यांना नको असेल तर हात जोडून उभं राहणं पुरेसं आहे.

नवाला दार बंद. जाताना प्रत्येक घराला एक कार्ड, त्यावर चार आठवड्यांसाठी चार छोटी वाचनं. त्यांतलं एक बायबलमधलं २ तीमथ्य १:५ ठेवा, तिथे पौल तीमथ्याच्या आजीच्या आणि आईच्या श्रद्धेची आठवण काढतो. शनिवारी रात्री जेवणाआधी फोन बाजूला ठेवून पाच मिनिटं, एवढंच मागा. रोज करा म्हटलं तर एकही दिवस होत नाही. पाचव्या आठवड्यात समूहप्रमुखानं आपल्या सहा-सात घरी जाऊन विचारायचं, किती शनिवार जमले आणि कुठे अडलं. जिथे एकही जमला नाही तिथे जरा जास्त वेळ बसायचं, आणि तिथली अडचण पुढच्या संध्येची आखणी करताना समितीसमोर पहिल्यांदा मांडायची.